अमेरिकेत शिकायला चाललात? कॅम्पसवर शब्बाथ, सण आणि कोशर कसं जमवायचं (आपल्या बेने इस्रायल पोरांसाठी)

दरवर्षी जून-जुलै आला की आपल्यातलं कोणी ना कोणी फोन करतं, ताई मला अ‍ॅडमिशन मिळाली, तिकडे शब्बाथचं (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, आपला विश्रांतीचा दिवस) काय, कोशर म्हणजे धर्माच्या नियमांत बसणाऱ्या जेवणाचं काय, नव्याच्या सणाला म्हणजे रोश हाशानाला सुट्टी देतात का. मी ठाण्याची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, मास्टर्स अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये केलं, दोन वर्षं एकटी होते आणि पहिले तीन महिने फक्त कोणाला विचारायचं हे माहीत नसल्यामुळे वाया गेले. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक नाव पाठ करा, हिलेल. ज्यू विद्यार्थ्यांची ही संस्था १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली आणि आता अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कॅम्पसवर तिची शाखा आहे. कुठे स्वतःची तीन मजली बिल्डिंग, आत किचन, तफिल्याची म्हणजे प्रार्थनेची जागा, अभ्यासाच्या खोल्या, तर कुठे नुसती एक खोली आणि एक माणूस. दुसरं नाव खबाद, ही पण ज्यूंचीच संस्था. यांचं पहिलं कॅम्पस हाऊस १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला यूसीएलएजवळ उघडलं. तिथे एक रब्बाय (ज्यू धर्मगुरू) आणि त्यांची बायको पोराबाळांसकट राहतात आणि शुक्रवारी स्वतःच्या घरात पोरांना जेवायला बसवतात. हिलेलला कॉलेजचं वातावरण असतं, खबादला घराचं. कोणतं चांगलं असं मला विचारू नका, दोन्हीकडे जा, कुठे मन लागतं ते बघा, दोन्हीकडे जाणारी पोरं भरपूर असतात. अजून कॉलेज ठरवायचं असेल तर फी आणि रँकिंगबरोबर हेही बघा की हिलेलची जागा केवढी आहे, कोशर जेवण रोज मिळतं की फक्त शुक्रवारी, आणि डिपार्टमेंटपासून चालत किती मिनिटं. हे चालत महत्त्वाचं आहे, शब्बाथला गाडी न वापरणारे असाल तर तीन मैलांवरचं घर स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

पहिल्या दोन आठवड्यांतच जा. त्या वेळी सगळेच नवीन असतात, कोणी कोणाला ओळखत नाही, ऑक्टोबरपर्यंत ग्रुप बनून जातात आणि मग दारातून आत पाऊल टाकणं जड जातं, माझं तेच झालं. शुक्रवारचं जेवण बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना फुकट असतं, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. दारावर सिक्युरिटी असेल, आयडी मागतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते सगळ्यांनाच मागतात.

आता टेबलावरची एक गोष्ट सांगते. किद्दुश (पेल्यावरची प्रार्थना) झाला, सगळे उठून हात धुवायला गेले, मी पण गेले, परत येऊन शेजारच्या मुलीला मी म्हटलं हाय मी मुंबईजवळची, तर ती नुसती ओठ मिटून हसली आणि मान हलवली, काही बोललीच नाही. मला वाटलं झालं, हिला माझ्याशी बोलायचंच नाही. खरं तर हात धुतल्यावर हमोत्सी ही पावाची प्रार्थना म्हणून पावाचा तुकडा तोंडात जाईपर्यंत बोलत नाहीत, बरेच जण हे अगदी कडक पाळतात, आणि त्या पावाचा (त्याला हाल्ला म्हणतात) तुकडा गिळल्या गिळल्या तिने मला इतके प्रश्न विचारले की सूप गार झालं. तर कोणी गप्प बसलं म्हणून घाबरू नका. चाली वेगळ्या असतील, शब्द तेच आहेत. आपण शब्बाथ म्हणतो, ते शबात किंवा शाबस म्हणतील, आपण सुक्कोथ, ते सुकोत. शेमा ही आपली मुख्य प्रार्थना सुरू झाली की मात्र डोळ्यांवर हात ठेवून तुम्ही थेट ठाण्याच्या शार हाशामाइम सिनॅगॉगमध्ये.

तफिला मोठ्या हिलेलमध्ये दोनतीन खोल्यांत वेगवेगळा चालतो, ऑर्थोडॉक्सांचा (जुनी रीत कडक पाळणारे) वेगळा, कॉन्झर्वेटिव्हांचा (मधले) वेगळा, रिफॉर्मांचा (सगळ्यात मोकळे) वेगळा. आपल्या घरच्या पद्धतीला ऑर्थोडॉक्स किंवा सेफार्दी (स्पेन-मध्यपूर्वेकडच्या ज्यूंच्या रीतीचं) मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारी दहा जणांची मंडळी, जवळचं वाटेल, पण एकदा सगळीकडे बसून बघा. आपल्याकडे बायका वेगळ्या बसतात आणि मिन्यानमध्ये धरत नाहीत. मी एका संध्याकाळी कॉन्झर्वेटिव्हांच्या खोलीत बसले होते, माणसं कमी होती, आणि ज्यूंमध्ये माणसं एकदोनतीन अशी मोजत नाहीत, दहा शब्दांचं एक पासूक (धर्मग्रंथातली ओळ) म्हणत एकेका माणसाला एकेक शब्द देतात. तो मुलगा शब्द म्हणत म्हणत फिरला आणि दहावा शब्द माझ्यावर येऊन थांबला. तुम्हाला पटेल न पटेल, आईला तर फोनवर अजिबात पटलं नाही, पण मी ते विसरणार नाही.

वेळेचं गणित आत्ताच समजून घ्या. आपल्याकडे सूर्य वर्षभर सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे ऑफिस कॉलेज करून शब्बाथ जमतो. तिकडे डिसेंबरात साडेचारला अंधार, आणि मेणबत्त्या सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायच्या, म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही तयार पाहिजे. शुक्रवारी दुपारी दोन ते पाचची लॅब घेतलीत तर सप्टेंबरमध्ये काही वाटणार नाही पण नोव्हेंबरपासून दर आठवड्याला अडकाल. सेक्शन निवडतानाच हे बघायचं.

खोलीचं. डॉर्ममध्ये मेणबत्ती पेटवायला बहुतेक सगळीकडे बंदी, अलार्म वाजला तर पूर्ण बिल्डिंग खाली उतरते. मेणबत्त्या हिलेलमध्ये जाऊन लावा, तिथे त्यासाठी ट्रे मांडलेला असतो, नाहीतर छोटे बल्ब लावणारे पण आहेत, आपापल्या रब्बायला विचारा. मेझुझाला (दाराच्या चौकटीला लावायची धर्मवचनांची डबी) भिंतीत खिळा ठोकू देत नाहीत, डबल टेपच्या पट्ट्या मिळतात त्याने आत शिरताना उजव्या हाताला चिकटवा, टेप चांगली जाड घ्या, माझा एकदा रात्री दोनला खाली पडला आणि मी दचकून उठले. दाराला इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल आणि तुम्ही शब्बाथला वीज वापरत नसाल तर हाऊसिंग ऑफिसला आधीच लिहून साधी चावी मागा, ही मागणी त्यांना नवीन नसते.

जेवण. पाकिटावर गोलात यू असं चिन्ह दिसलं की कोशर, शेजारी डी असेल तर दुधाचं, म्हणजे मटणाच्या जेवणाबरोबर नाही. काही कॉलेजांत मीलप्लॅन सक्तीचा असतो, कोशर मिळत नसेल तर सूट मागता येते, अर्ज मात्र सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी करायचा. स्वतःची दोन भांडी, एक तवा, एक सुरी वेगळी ठेवा आणि रूममेटला पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगा का ते. आपल्याला एक फायदा आहे जो अमेरिकन ज्यू पोरांना नाही, आपल्या आज्ज्या पिढ्यानपिढ्या मटणात दह्याऐवजी नारळाचं दूध घालत आल्यात, त्यामुळे आपला रस्सा कोशर किचनमध्ये जसाच्या तसा चालतो.

सण. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आपल्याकडे दिवाळीला असते तशी तिकडे ज्यू सणांना सरसकट सुट्टी नसते, मागावी लागते. २०२६ मध्ये रोश हाशाना ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो, योम किप्पूर (मोठ्या उपासाचा दिवस) २० सप्टेंबरच्या संध्याकाळी, त्यामागोमाग सुक्कोथ आणि सिम्हाथ तोरा, म्हणजे सेमिस्टर सुरू होऊन जेमतेम तीन-चार आठवडे होताहेत तोवर सणांची रांग. पहिल्या आठवड्यात सिलॅबस हातात आला की कॅलेंडर शेजारी ठेवून बसा आणि प्रत्येक प्रोफेसरला ईमेल टाका. त्यात इतकंच पाहिजे, मी ज्यू आहे, या तारखांना सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत काम करत नाही, त्यात तुमचं अमुक लेक्चर किंवा परीक्षा येते, ती मी आधी देऊ की नंतर. माफी मागत लिहू नका. न्यूयॉर्क राज्यात तर कायद्यानेच अशी परीक्षा पुन्हा द्यायची संधी द्यावी लागते, बाकी ठिकाणी बहुतेक युनिव्हर्सिटीचा स्वतःचा नियम असतो, तो शोधून त्याची लिंक ईमेलमध्ये टाका. योम किप्पूर प्रोफेसरांना माहीत असतो, सुक्कोथ आणि शाव्वुओथ माहीत नसतो, तिथे एक ओळ जास्त लिहा.

दारफळणीच्या सणाला म्हणजे योम किप्पूरला घराची आठवण येईल. पांढरे कपडे, बंद दार, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला सगळ्यांच्या घरी जाणं. तिकडे उपास सुटला की बेगल आणि चीज असतं, खा, चांगलं असतं, पण दुसऱ्या दिवशी चार जणांना खोलीवर बोलवून काहीतरी गोड करा. पेसाखला (या सणात पाव चालत नाही) बरीच अश्केनाझी म्हणजे युरोपकडच्या ज्यू घरांतली पोरं भात, डाळ, वाटाणे काहीच खात नाहीत, आपण भात खातो, त्यावरून तुम्ही पेसाख मोडताय असं कोणी म्हटलं तर शांतपणे सांगा की ही आपली रीत आहे. आणि सेदरला म्हणजे पेसाखच्या रात्रीच्या जेवणाला त्यांच्या सफरचंद-अक्रोडाच्या हारोसेथशेजारी (ताटातला गोड पदार्थ) आपला खजुराचा शेरा ठेवा. पहिला चमचा घेतला की बाकीचं सांगावं लागत नाही.

प्रश्न येतील. तू कन्व्हर्ट झालीस का, इंडियात ज्यू असतात का, तुझं आडनाव तर हिंदू वाटतं. बहुतेकांना खरंच माहीत नसतं, भारतात आपण आता चारपाच हजारच उरलोय. मी दोन मिनिटांचं उत्तर तयार ठेवलं होतं, अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली असं आम्ही मानतो, कोकणात तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, गावावरून आडनावं पडली, मुंबईत १७९६ मध्ये पहिलं सिनॅगॉग बांधलं. एवढं पुरतं. पण सारखं पुरावा देत बसू नका, तुम्ही तिथे परीक्षेला आलेले नाही आहात.

इस्रायल-पॅलेस्टाइनवरून कॅम्पसवर ऑक्टोबर २०२३ पासून खूप ताण आहे, २०२४ मध्ये तर कितीतरी ठिकाणी आंदोलकांचे तंबू पडले होते. ज्यू विद्यार्थ्यांमध्येच यावर वेगवेगळी मतं आहेत. तुम्हाला मत असेल तर मांडा, नसेल तर कोणीही तुमच्याकडून जबरदस्तीने बोलवून घेऊ शकत नाही. ज्यू म्हणून कोणी धमकावलं, अडवलं तर तारीख वेळ लिहून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या आणि हिलेलच्या स्टाफला त्याच दिवशी सांगा, तक्रार कुठे करायची ते त्यांना माहीत असतं. एकट्याने मनात ठेवू नका एवढंच.

आता मलिदा (गोड पोहे आणि फळं मांडून करायची आपली प्रार्थना), कारण हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. शनिवारी रात्री हवदालाला म्हणजे शब्बाथ संपतानाच्या प्रार्थनेला अमेरिकन पोरं एलियाहू हानावी (एलिया संदेष्ट्यावरचं गाणं) गातात, प्रत्येकाला पाठ असतं, आणि आपण मलिदा करतो तो एलियाहू हानावीच्याच नावाने. हे माझ्या लक्षात आलं आणि मी हिलेलला विचारलं, हवदालानंतर मलिदा करू का. स्टाफ एका पायावर तयार. फक्त कोशर किचनचा नियम लक्षात ठेवा, बाहेर शिजवलेलं काही आत नेता येत नाही, म्हणून सगळं सीलबंद न्यायचं आणि तिथल्या माशगियाखला म्हणजे कोशर बघणाऱ्या माणसाला पाकिटं आठवडाभर आधी दाखवायची. तीस जणांना एक किलो पातळ पोहे, फ्रोजन ओल्या खोबऱ्याची दोन मोठी पाकिटं, अर्धा किलोला थोडी कमी साखर, वेलची, जायफळ, काजू बदाम बेदाणे. पोहे चाळणीत धुऊन लगेच निथळायचे, भिजत घातलेत तर लगदा. दूध-मटण काहीच नाही त्यामुळे कुठल्याही जेवणानंतर चालतं. वर फळं पाच प्रकारची, मी सफरचंद, संत्री, केळी, खजूर, पेअर घेतली, चिकू कुठून आणणार. वासासाठी सब्ज्याचा पाला मिळाला नाही, गुलाबाच्या पाकळ्या आणि पुदिना ठेवला. फळांचे बराखोथ (खाण्याआधी म्हणायचे बराखा, म्हणजे आशीर्वाद) सुरू झाले तेव्हा केळ्याला झाडाच्या फळाचा नाही तर जमिनीचा बराखा म्हणायचा यावरून दोन मुलं दहा मिनिटं भांडली, आणि मला इतकं आपलं घरचं वाटलं की काय सांगू.

जाताना बॅगेत किप्पा (छोटी टोपी), मेझुझा, छोटा किद्दुशचा पेला आणि आजीचा सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) टाका. किद्दुशला द्राक्षाचा रस तिथे मिळतो पण आपलं शरबत करायचं असेल तर काळे बेदाणे गुरुवारी रात्री भिजवा, शुक्रवारी सकाळी त्याच पाण्यात उकळून कुस्करा, पातळ फडक्यातून गाळा, आणि बाटलीवर तुमचं नाव लिहा नाहीतर रूममेट पिऊन टाकतो.