तहसील कचेरीवर पाण्यासाठी मोर्चा: निघण्याआधीची तयारी

मंजूर टँकर गावात येत नाही, खेपा कागदावर पूर्ण होतात आणि विचारायला गेले की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते, तेव्हा कचेरीवर मोर्चा नेणे हा गावाचा हक्क आहे. शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या अनुच्छेद १९ नेच दिलेले आहे. पण एक दगड भिरकावला गेला की टँकरचा विषय तिथेच संपतो. पुढे गावातली पोरे कोर्टाच्या तारखांना जात राहतात आणि ज्यांना उत्तर द्यायचे होते ते सुटतात. म्हणून पुढची सगळी तयारी दगड उचलायची वेळच येऊ नये यासाठी आहे.

सुरुवात वहीपासून करा. टँकर आला की तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती लिटर आणि पाणी उतरवून घेणाऱ्याची सही एवढ्या नोंदी दोन जणींनी रोज कराव्यात. ग्रामीण भागात टंचाईत माणशी रोज २० लिटर हा निकष आहे. दीड हजार वस्तीला ३० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तीन खेपा लागतात. पंधरा दिवसांची वही हातात असली की तफावत आकड्यात दाखवता येते. टँकरचे लॉगबुक, जीपीएस नोंदी आणि देयकांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, विषय एकच ठेवा, मजकूर १५० शब्दांत बसवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, तेव्हा टंचाईची चाहूल लागताच अर्ज टाका. ग्रामसभेचा ठराव घ्या. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही तर ठरावच लटकतो. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तिथेही अर्ज द्या. प्रत्येक अर्जाच्या पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज कचेरीच्या लेखी दिलेलाच नसतो.

निवेदनात मागण्या तीनच असाव्यात. कोणी, काय, कधीपर्यंत करायचे हे प्रत्येकीत आलेच पाहिजे. ‘पाणीप्रश्न सोडवा’ या मागणीवर फक्त आश्वासन मिळते. ‘अमुक वस्तीला सोमवारपासून रोज तीन खेपा, नोंदवहीवर दोन महिलांच्या सह्या’ या मागणीला हो किंवा नाही म्हणावे लागते. शेवटी ‘अन्यथा आत्मदहन करू’ हे वाक्य मुळीच लिहू नका. त्या एका ओळीमुळे पोलीस सकाळीच घरून उचलतात आणि चर्चा टँकरऐवजी रॉकेलच्या बाटलीवर होते. सरकारी सेवकाला काम करायला किंवा थांबवायला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तसे लिहून ठेवल्यावर एखादे हळवे पोर ते खरेच करून बसते.

पोलीस ठाण्यात आठ दिवस आधी अर्ज द्या. मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आणि पाच जबाबदार माणसांची नावे त्यात हवीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा आदेश लागू आहे का, हे तिथेच विचारा. उपकलम ३ चा आदेश असेल तर विनापरवानगी पाच जण जमणेही गुन्हा ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, जुन्या भाषेत १४९ ची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच देतात ती नोटीस आली तर घाबरू नका; सही करून घ्या आणि प्रत जपून ठेवा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र घोषित केलेले असू शकते. कित्येक तालुक्यांत न्यायालय कचेरीला लागूनच आहे, तिथे क्षेत्र घोषित असेल तर भोंगा बंद. बाजाराचा आणि परीक्षेचा दिवस टाळा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीत चालून आझाद मैदान गाठले होते. मुंबईकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यात या समजुतीचा मोठा वाटा होता.

चारशे माणसांना वीस स्वयंसेवक लागतात, त्यांतल्या निम्म्या बाया. दंडाला एकाच रंगाची फीत बांधा. ओळखीच्या वीस माणसांमागे एकजण द्या, कारण अनोळखी चेहरा त्यालाच आधी दिसतो. चौघांची रांग केली तरी मोर्चा दीडशे मीटर लांब होतो. पुढचा भोंगा मागे ऐकू जात नाही, म्हणून मध्ये आणि शेवटी एकेक हातभोंगा ठेवा. उन्हाळ्यात माणशी दीड लिटर पाणी धरा, म्हणजे वीस लिटरचे तीस जार. सोबत मीठ-साखरेची पाकिटे ठेवा. झेंड्यांना जाड दांडे नकोत, कलम ३७ च्या आदेशात ते लाठीत मोजले जातात. रिकामे हंडे जरूर आणा, पण माठ फोडण्याचा कार्यक्रम ठेवू नका. खापऱ्या पायाशी पडल्या की त्या कोणाच्या तरी हातात येतातच.

मोर्चा चालताना बिघडत नाही, थांबल्यावर बिघडतो. साहेब बैठकीला गेलेले, भाषणे लांबलेली, दुपारचे दोन, पोटात काही नाही. त्या वेळेत घोषणा शिव्यांकडे वळतात. म्हणून तहसीलदार जागेवर आहेत याची आदल्या संध्याकाळी खात्री करा आणि ते नसतील तर निवेदन कोण घेईल हे ठरवून घ्या. अकराला पोहोचा, सगळी भाषणे मिळून वीस मिनिटांत आटपा, पाच जणांचे शिष्टमंडळ आत पाठवा. बाहेरच्यांना सावलीत बसवा. बसलेल्या जमावात उठणारा एकटा दिसतो. आगळीक झाली की सगळ्यांनी खाली बसायचे आणि स्वयंसेवकांनी हाताला हात धरून कडे करायचे. हे आदल्या दिवशी दोनदा करून पाहा. दोन जणांनी दोन टोकांवरून सलग चित्रीकरण करावे. अधिकाऱ्याच्या अंगाला हात लागता कामा नये. धक्काबुक्की झाली की सरकारी सेवकावरच्या हल्ल्याचे, पूर्वीचे ३५३, आताचे न्याय संहितेचे कलम १३२ लागते आणि त्याच क्षणी आतली चर्चा थांबते.

धरपकड झालीच तर नावांची यादी आणि वकिलाचा नंबर बाहेरच्या माणसाकडे कागदावर असावा. मोबाइल जप्त होतात. रोजच्या गोळ्या खिशात ठेवायला सांगा. अटक केलेल्याला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणे बंधनकारक आहे.

आतून तोंडी ‘बघतो’ आले तर उठू नका. तारीख, सही आणि जावक क्रमांक असलेले लेखी पत्र घ्या, भोंग्यावरून सगळ्यांना वाचून दाखवा, मगच मोर्चा संपल्याचे सांगा. मैदानातले कागद आणि बाटल्या उचलूनच निघा. पत्र मिळाले नाही तर पुढची पायरी साखळी उपोषणाची, रोज वेगवेगळ्या पाच जणांनी बसायचे. थेट आमरणावर गेलात तर चौथ्या दिवशी एखाद्या म्हाताऱ्याची तब्येत हाच विषय उरतो. काहीही झाले तरी मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशीच्या चर्चेचा उल्लेख करून कचेरीला पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि टँकरची वही चालूच ठेवा.