जुनी फॅनफिक दुसऱ्यांना कशी सुचवायची
फॅनफिकची (चाहत्यांनी आवडत्या मालिका-पुस्तकांतल्या पात्रांवर लिहिलेल्या कथेची) नुसती लिंक टाकून "वाचाच" म्हणू नका, कोणी उघडत नाही. फॅन्डम (कुठल्या मालिकेवर किंवा पुस्तकावर आहे), पात्रांची जोडी, लांबी, पूर्ण आहे की अर्धवट सोडलीये, वॉर्निंग्ज (त्रासदायक मजकुराची सूचना) आणि तुम्हाला नेमकं काय भिडलं ते दोन ओळीत लिहा, शेवट मात्र फोडू नका. २००० च्या आसपासच्या लिंक बऱ्याचदा मेलेल्या असतात, अमेरिकेतलं जिओसिटीज (लोक जिथे फुकट वेबसाइट बनवायचे) तर २००९ मध्येच बंद झालं, म्हणून आधी एओथ्रीवर (आर्काइव्ह ऑफ अवर ओन, फॅनफिकचा ऑनलाइन संग्रह) शोधा कारण त्यांचा ओपन डोअर्स प्रकल्प जुने संग्रह तिकडे आणून ठेवतो, नाहीतर वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या प्रती ठेवणारी साइट) जुना पत्ता टाकून बघा. एओथ्रीवर बुकमार्क करताना रेक (म्हणजे शिफारस) टिक करायचं. लेखकाने स्वतःहून काढलेली कथा असेल तर पीडीएफ फिरवू नका प्लीज, तो निर्णय त्यांचा आहे.