मुलांचं बॉक्सिंग : या चुका टाळा

चार दिवस क्लासला जाऊन मूल मनगट धरून घरी आलं, की खेळालाच नावं ठेवली जातात. दम वाढणं, तोल सुधारणं, रागावर ताबा येणं हे या खेळाचे फायदे खरेच आहेत. घाई केली की तेच हातचे जातात.

मनगट दुखतंय? पंचिंग बॅगवर ठोसा बसताना ते वाकतंय. हाताचा पंजा आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत हवा आणि मार तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवर बसायला हवा. अंगठा मुठीच्या आत कधीही नको, तो मोडतो. ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी मोठ्यांना साधारण साडेचार मीटर लागते, लहान हातांना अडीच-तीन मीटर पुरते. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या उंचवट्यांवर तीन वेढे, मग बोटांच्या फटींतून घेऊन शेवट पुन्हा मनगटावर. मूठ वळल्यावर पट्टी घट्ट लागावी आणि हात उघडल्यावर सैल व्हावी. बोटांना मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा.

मिनिटभरात दम लागत असेल तर तब्येतीला दोष देण्याआधी श्वास बघा. नवखी मुलं ठोसा मारताना श्वास रोखून धरतात, खांदेही कानाशी नेतात. प्रत्येक ठोशाबरोबर तोंडाने 'श्श' करत श्वास सोडायचा. पाय एकमेकांत अडकत असतील तर बॅग बाजूला ठेवा आणि दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या नुसती शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव, करा. मागच्या पायाची टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली.

सगळ्यात महागात पडते ती स्पारिंगची, म्हणजे समोरच्या जोडीदाराशी सरावाची लढत खेळण्याची घाई. पहिले काही महिने ते नकोच. हेडगार्डने जखमा कमी होतात, पण आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही, आणि इथेच पालक फसतात. डोकेदुखी, उलटी, चक्कर, गोंधळलेलं बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर खेळ तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा; त्या दिवशी पुन्हा रिंगण नाही. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर नीट बसवलेला हवा. सैल असेल तर नसल्यासारखाच.

वजनगटासाठी वाढत्या वयातल्या मुलाला उपाशी ठेवणं, पाणी तोडणं हा शुद्ध मूर्खपणा. जे वजन भरेल, त्याच गटात उतरवा.

ग्लोव्हज मात्र रोज उघडे करून वाऱ्यावर ठेवा. ओल्या पट्ट्यांसकट पिशवीत कोंबले, की आठवड्यात वास मारतो आणि बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू होते.