आकाशाची आकडेमोड संगणकावर करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील ज्या विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राची ओढ आहे, त्यांना आज मोठी दुर्बीण नसतानाही खरे संशोधन करता येते. कारण गाया या युरोपीय यानाने टिपलेली आणि जून २०२२ मध्ये खुली झालेली सुमारे १८० कोटी खस्थ वस्तूंची माहिती घरच्या लॅपटॉपवर मागवता येते आणि पायथॉन, अ‍ॅस्ट्रोपाय ही प्रोग्रॅम लिहिण्याची व खगोलीय आकडेमोडीची साधने विनामूल्य मिळतात. अडचण वेगळीच आहे. प्रोग्रॅममध्ये एखादा कंस राहिला तर संगणक लगेच अडून बसतो, पण वेळ, एकक किंवा अचूकता चुकली तर तो निमूटपणे उत्तर देतो, आणि ते उत्तर इतके नीटनेटके दिसते की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही.

सर्वांत जास्त घोटाळे वेळेचे होतात. खानापूर तालुक्यातील माझ्या एका विद्यार्थिनीने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ययाती तारकासमूहातील अल्गोल या ताऱ्याची रात्री ८ पासून पहाटे ४ पर्यंत, दर दहा मिनिटांनी एक, अशी छायाचित्रे घेतली. हा तारा दर २.८६७ दिवसांनी मंदावतो आणि ते ग्रहण सुमारे दहा तास चालते, म्हणून आलेखावर एक सलग घसरण दिसायला हवी होती. प्रत्यक्षात सगळे ठिपके तीन उभ्या रेषांवर जाऊन बसले होते, त्यांतही मधल्या रेषेवर सर्वाधिक गर्दी होती. आम्ही दोन संध्याकाळी कॅमेऱ्यालाच दोष देत होतो. शेवटी लागोपाठच्या दोन वेळांमधील फरक छापून पाहिला, तेव्हा ०.००६९ दिवसाऐवजी जवळजवळ सगळीकडे शून्य आणि फक्त दोन ठिकाणी ०.२५ असे आकडे आले. मेमरी वाचावी म्हणून वेळेचा स्तंभ ३२ बिटांत साठवला होता. ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलशास्त्रात वापरली जाणारी दिवसांची सलग मोजणी, २४ लाखांच्या पुढचा असल्याने त्या अचूकतेत दोन आकड्यांमधले लहानात लहान अंतर पाव दिवस, म्हणजे सहा तास, इतके राहते. वेळ नेहमी ६४ बिटांत ठेवावी, आणि कोणताही आलेख काढण्यापूर्वी हे फरक एकदा छापून पाहावेत.

कॅमेऱ्याचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर असते आणि छायाचित्राच्या नोंदीत ते बहुधा कुठेही सांगितलेले नसते. ती वेळ जागतिक वेळ (यूटीसी) समजून वापरली, तर अल्गोलच्या आवर्तनातील प्रत्येक ठिपक्याची जागा एका आवर्तनाच्या सुमारे ८ टक्क्यांनी चुकते. साडेपाच तास वजा करताना अनेक जण ५.५ ऐवजी ५.३० लिहितात आणि बारा मिनिटे गमावतात. आपल्या भागासाठी आणखी एक सावधगिरी हवी: प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि बेळगाव ७४.५ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे आपली स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे ३२ मिनिटे मागे असते. जागतिक वेळ काढताना हा फरक मध्ये आणायचा नाही. नाक्षत्र वेळ, म्हणजे ताऱ्यांच्या सापेक्ष मोजलेली स्थानिक वेळ, काढताना मात्र बेळगावचाच रेखांश द्यायचा. अनेक महिन्यांची निरीक्षणे एकत्र करणार असाल, तर पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे ताऱ्याचा प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो, हेही दुरुस्त करावे लागते.

ताऱ्याच्या स्थानाच्या बाबतीत विषुवांश (आकाशातील रेखांशासारखे माप) तासांत आहे की अंशांत, एवढे आधी पाहा. एक तास म्हणजे १५ अंश.

गायाच्या पराशयावरून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितक्या कोनाने सरकल्यासारखा दिसतो त्यावरून, अंतर काढताना १००० ला पराशयाने भागण्याची सवय धोक्याची आहे. जवळच्या, तेजस्वी ताऱ्यांसाठी ती चालते. पण मोजमापातील अनिश्चितता पराशयाच्या एकपंचमांशाहून जास्त झाली की अंतर विश्वासार्ह राहत नाही. काही नोंदींत पराशय ऋण येतो. तो गोंगाटाचा, म्हणजे मोजमापातील यादृच्छिक चुकांचा, परिणाम असतो, आणि अशा नोंदी गुपचूप गाळल्या तर संपूर्ण नमुनाच एका बाजूला झुकतो.

आवर्तकाल शोधताना आपल्या घड्याळाचा आणि पावसाळ्याचा ठसा उत्तरावर उमटतो. रोज जेवण झाल्यावर ठरलेल्या वेळी गच्चीवर जाऊन एकच निरीक्षण घेतले, तर ०.५६७ दिवसाचा तारा १.३१ दिवसाचाही भासू शकतो, कारण दोन्हींच्या दैनिक वारंवारतेत, म्हणजे दिवसाला होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येत, बरोबर एकाचा फरक आहे. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असल्याने वर्षाच्या अंतराचेही असेच खोटे आवर्तन मिसळते. म्हणून एका रात्री ८ वाजता, दुसऱ्या रात्री १ वाजता असे निरीक्षण करा आणि मिळालेल्या वारंवारतेत एक मिळवून व एक वजा करून तिन्ही आलेख शेजारी ठेवा.

यंत्रशिक्षणाने (मशीन लर्निंगने) रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांचे वर्गीकरण करणाऱ्यांनी ९८ टक्के यश दिसले की आधी माहितीची वाटणी तपासावी. एकाच ताऱ्याच्या चार नोंदींपैकी तीन शिकवण्याच्या संचात आणि एक परीक्षेच्या संचात गेली असेल, तर प्रारूपाने तो प्रकार ओळखलेला नसतो, तो तारा लक्षात ठेवलेला असतो. वाटणी नोंदींची न करता ताऱ्यांच्या ओळखक्रमांकांची करा, आणि दोन्ही संचांत एकही क्रमांक सामाईक नाही, हे प्रोग्रॅमकडूनच तपासून घ्या.