'मॅकबेथ'चे सिनेमे शेजारी ठेवून पाहताना : या चुका टाळा

एकाच नाटकावरचे दोन-तीन सिनेमे घ्या आणि त्यांतल्या एखाद्या प्रसंगाची तुलना करा, हा विषय मुंबईतल्या कॉलेजांत आणि फिल्म सोसायट्यांच्या चर्चांत हमखास निघतो. त्यातही शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' म्हटलं की सगळे खूश, कारण आपल्याकडे घरचा, विशाल भारद्वाजचा 'मकबूल' आहे. (नाटकाची गोष्ट एका ओळीत : चेटकिणींच्या भाकिताने आणि बायकोच्या आग्रहाने सरदार मॅकबेथ राजा डंकनला मारून गादी बळकावतो, आणि मग मित्र बँकोलाही मारवतो.) लेख मात्र बहुतेक एकाच साच्यातून निघतात. अर्धं पान कथानक, मग "दिग्दर्शकाने आपल्या नजरेतून प्रसंग मांडला आहे" हे वाक्य, आणि शेवटी कोणाचा अभिनय जास्त भावला ते. यात तुलना कुठेच नसते. ती कुठे हातातून निसटते ते बघू.

मूळ प्रवेश न उघडता "मुळात असं आहे" म्हणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मेजवानीचा प्रवेश घ्या, तिसऱ्या अंकातला चौथा. "शेक्सपिअरने बँकोचं भूत प्रेक्षकांच्या कल्पनेवर सोडलं होतं, सिनेमावाल्यांनी ते दाखवून मजा घालवली", असं वाक्य सर्रास वाचायला मिळतं. ऐकायला छान, पण चूक. हे नाटक पहिल्यांदा छापलं गेलं ते १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या छापील संग्रहात, आणि त्यात सरळ रंगसूचना आहे : बँकोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं. सायमन फोरमन नावाच्या गृहस्थाने १६११च्या सुमारास ग्लोब थिएटरात हे नाटक पाहून टिपण लिहून ठेवलं, त्यातही भूत खुर्चीत येऊन बसल्याचा उल्लेख आहे. म्हणजे त्या काळी भूत चक्क रंगमंचावर यायचं.

खंजिराचं उलट आहे. दुसऱ्या अंकातल्या पहिल्या प्रवेशात मॅकबेथला हवेत खंजीर दिसतो, पण त्याबद्दल एकही रंगसूचना नाही. जे काही आहे ते त्याच्या स्वगतात. इथे दिग्दर्शकाला खरोखर मोकळं रान आहे. दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीने १९७१च्या आपल्या 'मॅकबेथ'मध्ये खंजीर हवेत तरंगताना दाखवला. जस्टिन कर्झेलच्या २०१५च्या सिनेमात लढाईत मेलेला कोवळा सैनिक तो हातात धरून उभा असतो. जोएल कोएनच्या २०२१च्या सिनेमात लांबलचक मार्गिकेच्या टोकाला काहीतरी चमकतं, आणि जवळ गेल्यावर कळतं की ती दाराची मूठ आहे. पहिला खंजीर भ्रमातला, दुसरा रणांगणातून पाठीमागे लागलेला, आणि तिसरा ज्या दारातून आत जायचं त्या दाराचाच भाग. आता लिहिण्यासारखं काहीतरी हाती आलं.

तेव्हा पेन उचलण्याआधी तो एक प्रवेश वाचा. अख्खं नाटक वाचलंत तर उत्तमच. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये हीच सर्वांत छोटी आहे. वाचताना दोन गोष्टी वेगळ्या काढा : लिहून ठेवलेलं काय आहे आणि मोकळं सोडलेलं काय आहे. तुलना होते ती या मोकळ्या जागांची. इंग्रजी जड जात असेल तर मराठीतून वाचा, कोणी हसणार नाही. फक्त शिरवाडकरांचा 'राजमुकुट' म्हणजे मूळ संहिता नव्हे; तेही एक रूपांतर आहे, त्याला तुलनेत सिनेमांच्या रांगेत बसवा.

"मुळाशी प्रामाणिक" हा शिक्का

हा शिक्का मारला की विचार थांबतो. डंकनच्या खुनावर तो लावून बघा.

नाटकात खून दिसत नाही. मॅकबेथ आत जातो आणि रंगमंचावर उरते त्याची बायको. घुबड ओरडतं, ती दचकते, स्वतःशी बोलते. तो परत येतो तो रक्ताळलेले खंजीर हातात तसेच घेऊन. ते पहारेकऱ्यांजवळ ठेवून यायला हवे होते, पण पुन्हा आत जायची त्याची छाती होत नाही. मग ते घेऊन तीच आत जाते, आणि बाहेर येते तेव्हा तिचेही हात लाल. पुढे पाचव्या अंकात ती झोपेत जे हात चोळते ते याच फेरीत माखलेले.

पोलान्स्कीने संवाद बऱ्यापैकी शेक्सपिअरचेच ठेवले, पण कॅमेरा खोलीत नेला. डंकनला जाग येते, त्याचा मुकुट खाली पडतो, आणि वार आपल्या डोळ्यांदेखत होतात. कोएनही आत जातो. आणि जपानी दिग्दर्शक कुरोसावा? 'थ्रोन ऑफ ब्लड' (१९५७) मध्ये शेक्सपिअरची एकही ओळ नाही, गोष्ट जपानी सरदारांची, अभिनय नोह या जुन्या जपानी रंगभूमीच्या वळणाचा. पण नवरा भाला घेऊन गेल्यावर कॅमेरा बायकोपाशी, असाजीपाशी थांबतो. निःशब्द खोली, तिच्या रेशमी वस्त्रांची सळसळ, आणि भिंतीवर आधीच्या एका फितुराच्या रक्ताचा जुना डाग. वाशिझू, म्हणजे इथला मॅकबेथ, परततो तेव्हा त्याची मूठ भाल्यावर आवळलेली असते. भाला तिला सोडवून घ्यावा लागतो, आणि तो ठेवायलाही तीच जाते.

आता सांगा, मुळाशी प्रामाणिक कोण? शब्द ठेवून खून विंगेतून बाहेर आणणारा, की सगळे शब्द टाकून देऊन खून विंगेतच ठेवणारा? मला विचाराल तर कुरोसावाचा प्रसंग नाटकाच्या जास्त जवळचा आहे. तुम्हाला पटलं नाही तरी हरकत नाही, फक्त कारण कॅमेरा कुठे उभा होता त्यावरून द्या.

'मकबूल'मध्ये तिसराच पर्याय आहे. निम्मी (तब्बू), म्हणजे इथली लेडी मॅकबेथ, बाहेर वाट पाहत नाही, ती अब्बाजींच्या, म्हणजे इथल्या डंकनच्या, शेजारीच आहे. गोळी सुटते आणि रक्त थेट तिच्या अंगावर उडतं. त्यामुळे खंजीर परत ठेवण्याच्या फेरीची गरजच उरत नाही. नाटकातली बाई रक्तापर्यंत चालत जाते, इथे रक्त तिच्यापर्यंत येतं. तब्बूचं पुढचं वेड या एका बदलामुळे वेगळं दिसायला लागतं, आणि हे न लिहिता "तब्बूने लेडी मॅकबेथ ताकदीने उभी केली" एवढ्यावर कोणी थांबलं की मला वाईट वाटतं.

पात्रांचा तक्ता काढून मोकळं होणं

मकबूल म्हणजे मॅकबेथ, अब्बाजी म्हणजे डंकन, काका म्हणजे बँको, पंडित आणि पुरोहित म्हणजे चेटकिणी. तक्ता वहीत ठेवायला ठीक. लेखात आला की वाटतं, माणसं फक्त नावं बदलून आली आहेत. पण निम्मी मकबूलची बायको नाही, अब्बाजींनी ठेवलेली बाई आहे. तेव्हा खुनाला उद्युक्त करण्याचा सगळा प्रसंगच बदलतो. लेडी मॅकबेथला नवऱ्यासाठी सिंहासन हवंय, निम्मीला आधी त्या माणसाच्या ताब्यातून सुटायचंय. चेटकिणी तर इथे भविष्य सांगून गप्प बसणाऱ्या नाहीत. ते पोलीस आहेत, आणि सत्तेचं पारडं कुठे झुकवायचं यात त्यांचा हात आहे.

डंकनचंही तेच. नाटकात तो भला राजा आहे, मॅकबेथ स्वतःच त्याचे गुण आठवून कचरतो. कुरोसावाच्या सिनेमात असाजी नवऱ्याला आठवण करून देते की हा धनीसुद्धा आपल्या धन्याला मारूनच गादीवर बसला आहे. एवढ्या एका वाक्याने खुनाचं पाप हलकं होत नाही, पण निरागसतेचा मुद्दा बाद होतो. तक्त्यात हे कुठल्या रकान्यात घालणार?

प्रत्येक सिनेमा फक्त नाटकाशीच ताडणं

सिनेमे एकमेकांकडेही बघत असतात. नाटकात बँकोवर घातलेल्या मारेकऱ्यांत ऐनवेळी एक तिसरा येऊन मिळतो, त्याचं नाव शेक्सपिअरने दिलेलं नाही. पोलान्स्कीने तिथे सरदार रॉसला उभं केलं. पन्नास वर्षांनी कोएनच्या सिनेमातही तो तिसरा मारेकरी रॉसच आहे. हे नुसतं नाटक हाताशी धरून कळणार नाही. तसंच गरोदरपण. लेडी मॅकबेथला नाटकात दिवस गेलेले नाहीत. कुरोसावाने असाजीला गरोदर केलं आणि मूल मेलेलं जन्मलं. 'मकबूल'मध्येही गरोदरपण आहे, पण मूल जगतं, आणि शेवटी हॉस्पिटलात शत्रुपक्षाच्या हाती ते मायेने घेतलेलं पाहून मकबूल माघारी वळतो. शेवटाची तुलना करायची तर 'मकबूल' आणि 'थ्रोन ऑफ ब्लड' शेजारी ठेवा, नाटक थोडं बाजूला.

दिग्दर्शकाच्या चरित्रातून सगळं सोडवणं

पोलान्स्कीची पत्नी शॅरन टेट हिची १९६९मध्ये हत्या झाली, दोन वर्षांनी हा सिनेमा आला, म्हणून त्यात एवढं रक्त. हे विधान करण्याआधी चौथ्या अंकातला दुसरा प्रवेश वाचा. मॅकबेथविरुद्ध गेलेल्या सरदार मॅकडफच्या लहान मुलाला शेक्सपिअर प्रेक्षकांसमोरच मारतो. तो भीषणपणा मूळचाच. पोलान्स्कीने भर घातली ती डंकनच्या खोलीत, आणि प्रश्न विचारायचा तर त्या भरीबद्दल विचारा.

कोणती प्रत आणि कुठे पाहिली

ऑर्सन वेल्सच्या १९४८च्या 'मॅकबेथ'च्या दोन प्रती फिरतात. पहिलीत नटांनी स्कॉटिश उच्चार ठेवले होते. स्टुडिओला ते रुचलं नाही, म्हणून संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित झाले आणि सिनेमा साधारण वीस मिनिटांनी कापला गेला. एकाने एक प्रत पाहायची, दुसऱ्याने दुसरी, आणि मग "हा प्रसंग नाहीच" म्हणून वाद घालायचा, असं होतं. प्रत आणि तिची लांबी लेखात नोंदवा.

आणि कृपा करून कोएनचा कृष्णधवल सिनेमा विरार लोकलच्या दारात उभं राहून मोबाईलवर पाहू नका. उन्हात अर्ध्या सावल्या दिसत नाहीत, आणि त्या सिनेमाचं निम्मं बोलणं सावल्यांतच आहे. ज्या प्रसंगावर लिहायचंय तो घरी, अंधार करून, एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून बघा.

आपल्या शहराचं ज्ञान भलतीकडे वापरणं

नाटकात भाकीत असतं की बर्नम वन चालून येईपर्यंत मॅकबेथ हरणार नाही; 'मकबूल'मध्ये त्या वनाची जागा समुद्राने घेतली आहे. इथे आपल्या मुलांना लगेच २६ जुलै आठवतो, आणि दर्या घरात शिरण्याच्या भाकितात ती मुंबईचा महापूर वाचतात. सिनेमा २००३चा, पूर २००५चा. आज पाहताना तो आठवतो हे खरं, तसं लिहायलाही हरकत नाही, पण ते प्रेक्षकाच्या खात्यावर टाका, दिग्दर्शकाच्या नाही. बाकी बर्नम वनाची तुलना छान होते : कुरोसावाकडे धुक्यातून सरकणारी झाडं, कर्झेलकडे जळलेल्या रानाची उडत येणारी राख, कोएनकडे खिडकीतून आत भसकन घुसणारी पानं.

जे गाळलं ते न मोजणं

खुनानंतर लगेच नाटकात दारुडा द्वारपाल येऊन विनोद करतो. कर्झेलने त्याला काढूनच टाकलं, कोएनने ठेवलं. ही गाळणूकसुद्धा निर्णय आहे, तिची नोंद हवी.

झोपेत चालण्याच्या प्रवेशात तर गाळणूकच सगळं ठरवते. नाटकात तिला बघणारे दोघे आहेत, वैद्य आणि दासी. नवरा तिथे नाही, तो युद्धाच्या तयारीत आहे, आणि एकेकाळी सगळं मिळून ठरवणारं हे जोडपं मेजवानीच्या प्रवेशानंतर आपल्याला कधीच एकत्र दिसत नाही. कुरोसावाकडे हात धुणाऱ्या बायकोला वाशिझू स्वतः पाहतो. 'मकबूल'मध्येही निम्मीला सावरायला मकबूलच आहे. कर्झेलने साक्षीदार बाजूला सारले. त्याची लेडी मॅकबेथ प्रार्थनाघरात बसून बोलते, आणि समोर असतं तिचं मेलेलं मूल. संवाद जवळपास तेच, पण ऐकणारा बदलला की कधी तो कबुलीजबाब होतो, कधी संसाराचा शेवट, कधी आईचं बोलणं.

पंधराशे शब्दांच्या लेखाला हा एक प्रवेश आणि दोन सिनेमे पुरतात. तिसरा घ्यायचाच झाला तर मल्याळम 'जोजी' (२०२१) घेताना जपून. तो 'मॅकबेथ'वरून सुचलेला आहे, प्रवेशागणिक बेतलेला नाही, त्यामुळे झोपेत चालणारी बाई तिथे शोधत बसाल तर रात्र वाया जाईल.