ड्रायव्हरचा पॅच वाचायचा तर परतीच्या वाटेने वाचा

रविवारी सकाळी फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातली दोन-तीन पोरं माझ्याकडे फोंड्याला येतात, त्यांना लिनक्स कर्नलमध्ये पॅच पाठवायचे असतात, पण मी आधी दुसऱ्यांचे पॅच वाचायला बसवतो. पॅच नीट वाचता यायला लागला की लिहिताना निम्म्या चुका आपोआप टळतात, आणि तसंही कर्नलमध्ये पॅच पाठवणारे भरपूर आहेत, कमी आहेत ते मन लावून वाचणारे. तर मी हे काम कसं करतो ते सांगतो. तुम्हाला सी आणि गिट थोडंफार येतं असं धरून चालतो.

कर्नलचे पॅच मेलने येतात, पण मेलमध्ये बघून रिव्ह्यू करू नका, आधी पॅच आपल्या मशीनवर घ्या. बी४ नावाचं टूल आहे, त्याला मेसेज आयडी दिला की अख्खी सिरीज, म्हणजे एकावर एक लावायचे सगळे पॅच, ओळीने खाली येते, आणि बी४ शझॅम म्हटलं की थेट तुमच्या ब्रँचवर बसते. सिरीज बसलीच नाही तर कुठल्या झाडावर, म्हणजे कुठल्या गिट ट्रीवर, ती बेतलीय हे पाठवणाऱ्याला विचारा, तो पहिला रिव्ह्यू झाला. मग मांडणी तपासणारं चेकपॅच चालवा, जास्तीच्या वॉर्निंगसाठी बिल्डला डब्ल्यू=१ लावा, कोड न चालवता चुका शोधणारं स्पार्स चालवा, डिव्हाइसट्री बाइंडिंग (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं त्याचे नियम) असेल तर डीटी बाइंडिंग चेकसुद्धा. हे सगळं मशीन पकडतं, त्यामुळे स्पेस आणि टॅब शोधण्यात तुमचे डोळे घालवू नका, डोळे पुढच्या कामाला लागणार आहेत.

आता मुद्द्याचं. ड्रायव्हर सरळ वाटेने जवळजवळ नेहमीच चालतो, लिहिणाऱ्याने तो त्याच्या बोर्डवर चालवूनच पाठवलेला असतो. त्यामुळे "दादा, चालतंय की हे" असं पोरं म्हणतात तेव्हा मी म्हणतो चालतंय ते सोड, मधेच अडलं तर मागे कसं फिरतं ते दाखव. प्रोब फंक्शन, म्हणजे डिव्हाइस सापडलं की कर्नल बोलावतो ते, घ्या आणि कागदावर डाव्या बाजूला एकेक पायरी लिहा, म्हणजे मेमरी घेतली, रेग्युलेटर चालू केला, क्लॉक चालू केला, इंटरप्ट मागितला, डिव्हाइस रजिस्टर केलं. उजव्या बाजूला त्याची उलट क्रिया कुठे होते तो लाइन नंबर लिहा, एकदा एरर पाथमधली, एकदा रिमूव्हमधली, म्हणजे डिव्हाइस काढताना चालतं त्या फंक्शनमधली. उजवीकडे जागा रिकामी राहिली किंवा क्रम उलटा नसला की तिथे बोट ठेवा. निम्मे बग मला याच कागदावर सापडलेत, कोड चालवायच्या आधी.

इथे डेव्हएम फंक्शनांचा, म्हणजे ज्यांनी घेतलेलं आपोआप सुटतं त्यांचा, घोळ फार होतो. डेव्हएमने घेतलेली गोष्ट कर्नल स्वतः सोडतो, पण कधी, तर रिमूव्ह संपल्यावर, आणि घेतल्याच्या उलट क्रमाने. समजा इंटरप्ट डेव्हएमने घेतलाय आणि रिमूव्हमध्ये क्लॉक हाताने बंद केलाय, तर क्लॉक बंद झाल्यावरही इंटरप्ट अजून चालूच आहे, तो आला की हँडलर बंद पडलेल्या हार्डवेअरचं रजिस्टर वाचायला जाणार, आणि काही चिपवर तिथेच सगळं लटकतं. म्हणून एक तर सगळं डेव्हएमने किंवा सगळं हाताने, मधेच सांधा बदललेला दिसला की तिथे दोनदा वाचा.

हे मी स्वतः एकदा सोडलंय. आय-टू-सीवरचा (चिप जोडायची दोन तारांची बस) एक आर्द्रतेचा सेन्सर होता, पॅच छोटा, सुबक, मी रिव्ह्यूड-बाय दिला. मग चवथीच्या सुट्टीत तोच सेन्सर घरी बोर्डला जोडला. बोर्ड बंद करून चालू केला की सगळं झकास, पण रिबूट कमांड दिली की प्रत्येक वेळी बूट होताना पॅनिक, कर्नलच आडवा. दोन रात्री गेल्या तेव्हा कळलं, की रिबूटमध्ये सेन्सरची पॉवर जातच नाही, त्याची इंटरप्टची लाइन आधीच्या वेळेसारखीच ओढलेली राहते, आणि ड्रायव्हर आधी इंटरप्ट मागत होता, मग आतला पॉइंटर भरत होता. मागितल्या क्षणी हँडलर धावला आणि रिकामा पॉइंटर हातात. कोडमध्ये फक्त चार ओळी खालीवर हव्या होत्या. मी त्या ओळी वाचल्या होत्या, पण प्रत्येक ओळ बरोबर आहे एवढंच बघितलं, क्रम बघितला नाही. रिव्ह्यूड-बाय म्हणजे मी नीट तपासलंय असं सगळ्यांसमोर दिलेलं निवेदन असतं, ते तेव्हापासून मी फार जपून देतो.

म्हणून हार्डवेअर हाताशी असेल तर नुसतं चालवून बघू नका, पन्नास वेळा मॉड्यूल काढा-घाला, सिसएफएसमधून (कर्नलच्या /sys फाइलींतून) ड्रायव्हर अनबाइंड-बाइंड करा, सस्पेंड करून उठवा, पॉवर न काढता वॉर्म रिबूट करा. कर्नलमध्ये लॉकच्या चुका पकडणारं लॉकडेप आणि मेमरीच्या चुका पकडणारं केसॅन चालू ठेवा. डीबग शर्क नावाचा एक ऑप्शन आहे, तो शेअर्ड इंटरप्टसाठी मुद्दाम खोटा इंटरप्ट सोडतो. एवढं केल्यावरच टेस्टेड-बाय द्या.

वाचताना आणखी दोन-तीन गोष्टींवर माझी नजर थांबते. आय-टू-सीवर वाचणं म्हणजे झोपणं, उत्तर येईपर्यंत थांबून राहणं, त्यामुळे ते हार्ड इंटरप्ट हँडलरमध्ये चालणार नाही, वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा थ्रेडेड हवा. स्पिनलॉक धरून जीएफपी कर्नलने मेमरी मागितलीय का बघा, स्पिनलॉक धरून झोपता येत नाही आणि ही मागणी झोपू शकते. हार्डवेअर तयार होईपर्यंत नुसतं व्हाइल लूपमध्ये फिरणारा कोड दिसला तर टाइमआउट मागा, कारण एखाद्या दिवशी चिप तयार होणारच नाही. आणि क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून आला नसेल तर प्रोब डिफर होतो, म्हणजे 'नंतर पुन्हा बोलाव' अशी एरर देतो, ती एरर गिळून भलतीच परत पाठवलेली दिसते कधीकधी, त्याला डेव्ह एर प्रोब वापरायला सांगा.

आता पॅच लावायचे कसे, म्हणजे सिरीजची मांडणी. आपल्याकडे गोव्यात चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात तेव्हा आधी लाकडी चौकट टांगतात, मग जड नारळ-सुपारी, हलकी रानफुलं मागाहून, आणि मधेच कोणी हात सोडला तरी तोवरचं बांधलेलं खाली येत नाही. सिरीज अशीच हवी. प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल बिल्ड व्हायला पाहिजे आणि बूट व्हायला पाहिजे, कारण पुढे कोणीतरी बग कुठल्या कमिटने आला ते शोधायला गिट बायसेक्ट करत असताना नेमकं तुमच्या सिरीजच्या मधोमध येऊन उभं राहणार.

ओळ साधारण अशी लावा: बग फिक्स सगळ्यात आधी, कारण मेंटेनर, म्हणजे त्या भागाचे पॅच घेणारा, ते वेगळे उचलू शकतो आणि ते स्टेबलला, म्हणजे आधीच निघालेल्या आवृत्त्यांना, जाऊ शकतात, त्यांना फिक्सेस टॅग द्या, त्यात बग आणणाऱ्या जुन्या कमिटच्या हॅशची किमान 12 अक्षरं. मग साफसफाई, मग बाइंडिंगचा वेगळा पॅच, त्याच्या मागे ड्रायव्हर, आणि बोर्डची डीटीएस (डिव्हाइसट्रीची) फाइल शेवटी, ती बहुतेक वेळा दुसऱ्याच झाडातून जाते. फंक्शन दुसऱ्या फाइलीत हलवायचं असेल तर एका पॅचमध्ये फक्त हलवा आणि बदल पुढच्या पॅचमध्ये करा, दोन्ही एकत्र केलं तर वाचणाऱ्याला काय बदललं ते दिसतच नाही. एका वेळी पंधराएक पॅचच्या वर पाठवू नका. एका पोराने मला सातशे ओळींचा एकच पॅच आणून दिला होता, आम्ही बसून गिट रिबेसने त्याचे सहा केले, आणि तोडता तोडता त्यालाच दोन चुका सापडल्या.

दुसरी आवृत्ती आली की सगळं पुन्हा वाचायची गरज नाही, बी४ डिफ किंवा गिट रेंज-डिफ दोन आवृत्त्यांतला फरक दाखवतं. पाठवणारे तुम्ही असाल तर काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहा, म्हणजे ते कमिटमध्ये जात नाही, आणि मिळालेले रिव्ह्यूड-बाय वगैरे टॅग बी४ ट्रेलर्सने गोळा करा. पण कोड बराच बदलला असेल तर जुना रिव्ह्यूड-बाय काढून टाका, आणि का काढला ते सांगा.

कमेंट लिहिताना "हे चुकीचं आहे" एवढ्यावर थांबू नका. "इथे क्लॉक एनेबल फेल झाला तर रेग्युलेटर चालूच राहतो, खालच्या लेबलवर जायला हवं" असं लिहा, समोरच्याला एका वाचनात कळतं आणि त्याचा अपमानही होत नाही. नुसती आवडनिवड असेल तर तसं स्पष्ट म्हणा, म्हणजे तो त्यासाठी नवी आवृत्ती काढत बसणार नाही.

उत्तरं साधारण दोन-तीन आठवड्यांत येतात, किमान एक आठवडा तरी आठवण करू नका. मर्ज विंडो, म्हणजे मुख्य कर्नलमध्ये नवे बदल घ्यायचा काळ, दोन आठवड्यांची असते, त्या काळात बरेच मेंटेनर नवीन काही घेत नाहीत, म्हणून नवा ड्रायव्हर आरसी-१, म्हणजे विंडोनंतरची पहिली चाचणी आवृत्ती, आल्यावर त्याच्यावर रिबेस करून पाठवा, मग पुढच्या पाच-सहा आठवड्यांत तो वाचला जायला भरपूर वेळ मिळतो.