कुंपणाच्या खांबांना काजूच्या टरफलाचं तेल: तयारी दिवाळीनंतर सुरू करा

कोकणात पुढच्या पावसाआधी कुंपण घालायचं असेल तर खांब दिवाळीनंतर लगेच तोडावेत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत वाळतात. आकेशिया, सुबाभूळ चालेल. कोवळ्या सागावर भिस्त ठेवू नका. टिकाऊ असतो तो सागाचा गाभा, आणि मनगटाएवढ्या सागात बहुतेक पांढरं लाकूडच असतं. शिवाय साग, ऐन, खैर स्वतःच्या जमिनीतला असला तरी तोडायला परवानगी लागते.

तोडल्यावर आठवडाभरात साल काढा, नाहीतर सालीखाली ओल राहते आणि भुंगेरे लाकूड पोखरतात. खांब जमिनीपासून वीतभर उंच, सावलीत, मधे फटी ठेवून रचा. तीन-चार महिन्यांनी एक खांब पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा तोला. वजन घटलं नाही तर वाळला समजा. ओल्या लाकडात तेल मुरत नाही. वर थर बसतो आणि पाणी आत कोंडतं.

खांब कुजतो तो मातीच्या रेषेला. वरच्या वीतभर मातीत ओल आणि हवा दोन्ही असतात, बुरशीला तेवढंच हवं असतं. म्हणून ७ फुटी खांब २ फूट गाडणार असाल तर खालच्या ३ फुटांना तेल लावा. बूड नुसतं जाळून भागत नाही. कोळशाच्या थराला भेगा पडतात आणि पाणी थेट कोऱ्या लाकडात शिरतं.

टरफलाचं तेल काजू कारखान्यांकडे मिळतं. कच्च्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात; रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि चष्मा हवाच. तेल दाट असेल तर डबा गरम पाण्यात ठेवा, थेट जाळावर नको. आधी बूड चार इंच तेलात रात्रभर उभं ठेवा, कारण कापलेलं टोक सगळ्यात जास्त पितं. मग ब्रशने दोन हात द्या, मधे दोन-तीन दिवस जाऊ द्या. चार इंची खांबाला हात द्यायला साधारण १०० ते १५० मिली तेल लागतं. भेगांत ब्रश दाबून फिरवा.

तासणं, भोकं पाडणं तेलाआधी उरका. नंतर तासलात तर कोरं लाकूड उघडं पडतं. वरचं टोक तिरकं कापून तेही तेलवा. खड्ड्यात मुरूम-दगड ठोकून भरा आणि बुडाशी मातीचा उतार बाहेर काढा, पाणी साचता कामा नये.

टरफलाच्या तेलाऐवजी जळकं इंजिन ऑइल विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यालगत मुळीच वापरू नका.

एवढी मेहनत कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांवर घ्या. मधल्या जागी पहिल्या पावसात गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) जुनाट, पाच-सहा फुटी खुंट लावा. त्यांना पालवी फुटली की कुजण्याचा प्रश्नच उरत नाही.